विसाव्यावरचा निवारा

निवारा म्हणे! नाव बगा किती गोड. 'प्रवासी निवारा' असं लाल अक्षरात लिव्हलेलं, आन् त्याच्या वरती हात जोडून हसनारा पुढारी. बसायला गुळगुळीत फरशीचा बाक, वर निळा पत्रा, चारी बाजूनं लोखंडी नळ्या. आन् त्या पत्र्याच्या सावलीत आमच्या गावचं एक मानूस बसत न्हाई. बसायचं ऱ्हाऊ द्या, तिथून जायची येळ आली तर बाया कडंवरच्या लेकराच्या तोंडावर पदर वढतात. चैताच्या उन्हात म्हातारी-कोतारी डांबरावर तळपाय भाजत उभी ऱ्हातात, पर सावलीत जात न्हाईत. सांगते काहून ते.

मी पंचफुला. दगडोबाची बायको. दगडोबा गेला त्याला लई साल झाले, पर गाव आजूनबी मला त्याच्याच नावानं वळखतं. आमचा धंदा मेंढराचा. एक लेक, राधिका, ती दिली वसमतकडं. एक लेक शिवहार, तो माह्याजवळ. माह्या तोंडाला कुलूप न्हाई असं लोक म्हणतात. खरंच न्हाई. मेंढरामागं जिंदगी गेली, तिथं हळू बोलून कोन आयकतं?

आमचं गाव रस्त्यापासून आत. पुसेगावच्या अलीकडं डांबरीला फाटा फुटतो, तिथून पायवाटनं गाव. फाट्यावर रस्ता वळतो, आन् त्या वळनावर पहिला निवारा व्हता. दगडाच्या भिती, वर सिमिटाचा स्लाब, आत शहाबादीचा बाक. दुष्काळाच्या सालात बांधलेला. राधिका आन् शिवहार दोघंबी त्या बाकावर खेळून मोठे झाले. मी बाजाराला निघाले की दोन-दोन घंटे तिथं गाडीची वाट पाह्यची. थंडगार असायचं आत. मंग एका पावसाळ्यात स्लाबाचा गिलावा ढासळला, आतल्या सळया उघड्या पडल्या, बाक मधोमध फुटला. तरी आमी बसतच व्हतो. फुटका का असना, आमचा व्हता.

हिंगोली जिल्हा झाला आन् सरकारला एकाएकी आमची याद आली. रस्त्यावरचे सगळे जुने निवारे पाडून नवे बांधायचे, असा हुकूम निघाला. एक दिवस ती पिवळी मशीन आली आन् तासाभरात आमचा निवारा भुईसपाट. मागचं लिंबाचं झाडबी गेलं, रस्ता रुंद करायचा म्हणून. इंजिनेर सायब म्हणला, वळनावर आता निवारा बांधता येत न्हाई, कायद्यात बसत न्हाई, सरळ रस्त्याला मोकळी जागा दाखवा. बराबर बोलला बिचारा. त्याचं काहीच चुकलं न्हाई.

वळनापासून पुसेगावच्या अंगाला थोडं वर चढून गेलं की रस्त्याच्या कडंला एक सपाट तुकडा व्हता. ना कोनी नांगर घातला, ना कोनी ढोर बांधलं. गवत उगवलं तर उगवलं, न्हाई तर न्हाई. सायबानं ती जागा पाह्यली आन् खूश झाला. ग्यानोबा सरपंचाला इच्यारलं, "ही कोणाची?"

ग्यानोबा म्हणला, "गावाची, सायेब. मोकळीच हाये."

मोकळी! ग्यानोबाच्या बापाला त्याच जागंवर उतरवलेलं. माह्या दगडोबाला बी. आमच्या गावात मानूस मेलं की तिरडी घेऊन मसणवटीला निघायचं, आन् अर्ध्या वाटंवर, त्या तुकड्यावर, खाली टेकवायची. तिथं खांदेकरी बदलतात. पुढचे मागं, मागचे पुढं. भाताचा गोळा ठेवतात. बायांनी मड्याचं तोंड शेवटचं पाह्यचं ते तिथंच, तिथून आमी मागं फिरतो, पुढं गडीमानसं. त्याला विसावा म्हणतात. आजापणजापासून गावाचा विसावा तिथंच. आमच्या गावात येक बी लेकरू असं न्हाई ज्याला ते ठावं न्हाई.

आन् सायबाला सांगितलं कोनी? कोनीच न्हाई.

भूमिपूजनाला आख्खं गाव जमलं. बाजूच्या तांड्यावरले लोक बी आले. पुढारी आला, त्याच्या मागं चार जिपा. कुदळीला हळदकुकू लावलं, नारळ आणला. मी मेंढरं सोडून मुद्दाम आले व्हते. आजूबाजूला पाह्यलं तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले, पर तोंडं शिवलेली. शुभ कार्यात मड्याचं नाव काढायचं न्हाई! नारळ फुटायच्या वक्ताला 'विसावा' म्हणलं की इपरीत घडतं. मी म्हणलं, घडायचं ते घडू दे. मी पुढं झाले.

"सायेब, ही जागा..."

"पंचफुलाबाई!" ग्यानोबा वरडला. "वक्त-येळ काई कळते का?"

आन् शकुंतलाबाईनं, माह्या थोरल्या जावंनं, माहा दंड धरून मला मागं वढलं. कानात म्हणली, "मोकळ्या कपाळाची बाई पुजेच्या म्होरं काहून जाती? गावाला साडेसाती लावती का?"

सायबानं इच्यारलं, "काय म्हणत होत्या बाई?"

"काई न्हाई सायेब," ग्यानोबा हसला. "फोटूत यायचं म्हणतात."

लोक हसले. मेल्यांनो, हसा. नारळ फुटला, पुढाऱ्यानं कुदळ मारली, पेढे वाटले. मी ग्यानोबाला धरलं बाजूला. तो म्हणला, "अव सांगतो की मागून. सगळं निपटू द्या." मागून गुत्तेदाराचे मानसं आले, खड्डे झाले, सिमिट वतलं, नळ्या उभ्या ऱ्हायल्या. ग्यानोबाचं 'मागून' काई आलं न्हाई. मंग म्हणला, आता बोललो तर निधी वापस जाईल आन् आपल्याला कायमचंच उन्हात बसावं लागंल. आन् तसंच झालं. निवारा उभा ऱ्हायला आन् आमी कायमचे उन्हात.

पहिल्यांदा कोनी बोललं न्हाई. ज्यो त्यो आपला जुन्या जागी, वळनावर, पाडलेल्या दगडाच्या ढिगाऱ्याजवळ जाऊन उभा ऱ्हायचा. तांड्यावरल्या लोकांची मसणवट येगळी, पर भेव तेच. बाबूसिंग, ज्याची जीप हाये तांड्यावर, तो बी आपल्या सवाऱ्या वळनावरूनच उचलायचा. आन् ग्यानोबा सरपंच? तो मोटरसायकल घेऊन हिंडत व्हता. त्याला काय तकलीफ?

खरी तकलीफ गाडीची झाली. पुसेगावकडून गाडी यायची ती निवारा पाह्यची. निवाऱ्यात चिटपाखरू न्हाई. निवाऱ्यापसून पुढं उतार, उताराच्या शेवटाला वळन. डायव्हरनं मोकळा निवारा पाह्यला की पाय दाबला, आन् वळनावर आमी दिसूस्तवर गाडी नाकासमोरून भर्रकन पार. हात दाखवा गाडी थांबवा म्हणून गाडीवर पाटी असायची. आमी हात दाखवून दाखवून खांदे दुखवून घेतले. कव्हा थांबायची, लांब जाऊन, तव्हा बोचकी घेऊन पळायचं. कव्हा न्हाईच.

मी पुसेगावच्या बाजारात एका कंडक्टरला गाठलं आन् लई बोलले. तो पोरगा गरीब व्हता. म्हणला, "मावशी, उतारावर भरली गाडी आवरत न्हाई हो. तुमी निवाऱ्यात बसत जा ना. मानूस दिसलं की आमी थांबतोच. एवढा चांगला निवारा दिला सरकारनं, तुमी लोक उन्हात काहून उभे ऱ्हाता?"

काय सांगू त्याला? घरी आले आन् चार बायांत बोलले, "अगं, बसा तिथं. काई होत न्हाई. मड्याला विसावा चालतो, जित्यालाच काहून न्हाई?" बाया माह्याकडं अशा पाह्यल्या जशी मी त्यांच्या दारात हाडकं टाकली. शकुंतलाबाई म्हणली, "तुला काय जातं बोलायला. तुहं वाटोळं व्हऊन गेलं. आमचे कुकू शाबूत हायेत." पर खरं सांगते, मी येकटी जाऊन बसायची. दगडोबाला जिथं उतरवलं तिथं मला कशाचं भेव? मी बसले की गाडी थांबायची. पर मी कितीदा जानार बाजाराला? मेंढरं कोनी राखायची?

त्या साली राधिका बाळंतपनाला माहेरी आली. पहिलं लेकरू सातव्यात गेलं व्हतं, म्हणून ह्या बारीला लई जपलं. हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात डाक्टरीनबाईनं मशीन लावून पाह्यलं आन् मला आत बोलावलं. म्हणली, "आजी, वार खाली आहे. लेकराच्या वाटेवर बसलीय. घरी बाळंतपण करायचं नाही. आणि थोडंसं जरी अंगावरून गेलं, दुखो न दुखो, तशीच गाडीत घालून आणायची. उशीर केला तर रक्त थांबत नाही." मी तिच्या पाया पडले. म्हणलं, बाई, उशीर हुनार न्हाई.

बाबूसिंगला सांगून ठेवलं. भला मानूस, म्हणला, "मावशी, कव्हाबी हाक मारा." आन् जीप नसली तर दुपारची गाडी हाये. मी राधिकाला दहादा म्हणलं, "बाई, येळ आलीच तर निवाऱ्यात बसायचं, बरं का. तिथं गाडी थांबते." ती उठून आत जायची. तिची सासू, जाऊ, शकुंतला काकू, सगळ्यांनी तिच्या मनात भरवलेलं. पोटुशीनं विसाव्यावरून चालत बी जाऊ न्हाई.

वैशाखात लगीनसराई व्हती. त्या दिवशी सकाळीच बाबूसिंगची जीप वऱ्हाड घेऊन सेनगावाच्या पल्याड गेली. मी कोकरं बांधून भाकरी टाकायला बसले, आन् राधिका आतून म्हणली, "आई, इकडं ये." आवाजावरूनच कळलं. गेले तर लुगडं लाल.

दुखत न्हवतं तिला. उभी व्हती चांगली. म्हणली, "आई, थोडंच हाये, न्हाई का?" मी म्हणलं, "थोडंच हाये. चल." शिवहारनं बैलगाडी जुंपली, खाली गोधडी टाकली, तिला निजवलं. शकुंतलाबाई आपनहून आली, खोटं न्हाई बोलत, माया व्हती तिला बी. फाट्यावर येऊस्तवर गोधडी भिजली व्हती.

दुपारच्या गाडीची येळ झालेली. मी शिवहारला म्हणलं, "वर घे. निवाऱ्यात. बाकावर निजवू हिला."

शकुंतलाबाई बैलांच्या म्होरं आडवी झाली. "येडी झाली का? पोटुशीला विसाव्यावर निजवती? मड्यावानी?"

"गाडी तिथं थांबते, सरक!"

"आई," राधिकानं माहा हात धरला. "न्हाई. तिथं न्हाई. माह्या लेकराला तिथं नको नेऊ. तुह्या पाया पडते."

मी म्हणलं, "बाई गं, काई हुनार न्हाई, मी हाये ना."

"शिवहार, तुला माही आन," ती म्हणली. आन् शिवहारनं बैल वळनावर थांबवले. भावाला बहिनीची आन. आता त्याला बी काय बोलू? त्याला रातंदिस तेच खातं.

वळनावर सावली कुठली. मी बैलगाडीतच बसून माह्या पदरानं तिच्या तोंडावर सावली धरली. म्हणलं, तुमी ऱ्हा इथं, मी येकटी पळत वर जाते, निवाऱ्यात उभी ऱ्हाते, गाडी थांबवते. उठाया गेले तर राधिकानं हात सोडला न्हाई. दोन्ही हातानं धरला. डोळे पांढरे व्हऊन राहिले व्हते तिचे. "आई, जाऊ नको." मी म्हणलं, शकुंतलाबाई, तुमी जा वर! शकुंतलाबाईनं निवाऱ्याकडं पाह्यलं, पाऊल उचललं, आन् तिथंच थिजली. रडाया लागली, पर गेली न्हाई. शिवहार तव्हा पळाला. तो उताराच्या अर्ध्यात गेला असंल, तेवढ्यात वर गाडी दिसली. निवारा मोकळा. डायव्हरनं पाय दाबला. शिवहार रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभा ऱ्हायला, गाडीनं भोंगा मारला, कडंनं काढली, धुराळा उडला. वळनावर मी वरडले. माही वरड त्या भोंग्यात गेली. गाडी हिंगोलीला गेली.

मंग बैल पळवले पुसेगावकडं. चढाचा रस्ता. निवाऱ्यावरूनच गेलो, दुसरा रस्ताच न्हवता. राधिकानं तव्हा डोळे मिटून घेतले, पोटावर हात धरला. मी मोठमोठ्यानं काईबाई बोलत राहिले तिच्याशी, कोकराच्या, शेळीच्या गोष्टी. पुसेगावात कुनाची तरी जीप भेटली, पर जीपीत घालायच्या आधीच तिचा हात ढिल्ला पडला. माह्या हातातला हात. लेकरू आतच गेलं.

लोक म्हणले, विसाव्यावरून नेली म्हणून गेली. ऐका! तिथं बसून गाडी थांबवली असती तर जगली असती, ते कोनी म्हणलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उचललं. बाया विसाव्यापर्यंत जातात तशा आमी गेलो. तिथं गेल्यावर गडीमानसं गडबडले. खाली सगळी फरशी, मधी बाक, चारी बाजूनं नळ्या. तिरडी आत फिरना. पुढच्यांनी मागं यायचं कसं? कोनी म्हणलं रस्त्यावर टेकवा, कोनी म्हणलं जागा बदलायची न्हाई, आजापणजानं जिथं टेकवली तिथंच. शेवटी ग्यानोबानं सांगितलं, बाकावर ठेवा. आन् माह्या राधिकाला त्या बाकावर ठेवलं. पत्र्याच्या सावलीत. आख्खं गाव त्या निवाऱ्यात दाटीवाटीनं उभं ऱ्हायलं, मड्यासंगं असलं की विसाव्याला कोनी भेत न्हाई ना! भाताचा गोळा ठेवला. मी तिचं तोंड पाहून घेत व्हते.

आन् गाडी थांबली.

दुपारची गाडी. निवाऱ्यात इतकी मानसं पाहून डायव्हरनं बराबर आमच्यासमोर आणून उभी केली. कंडक्टरनं दार उघडलं आन् सवयीनं वरडला, "हिंगोली, हिंगोली! चला, आत सरकून घ्या!"

कोनी हललं न्हाई. मंग त्याला बाकावरचं दिसलं. त्यानं डोक्याची टोपी काढली. गाडीतली मानसं खिडक्यांतून पाहून राहिली व्हती. मी गेले दारापाशी. पायरीवर हात ठेवला. त्या पोराला म्हणलं, "कालच्याला काहून न्हाई थांबला रे? काल बी ती हिंगोलीलाच येनार व्हती."

शिवहारनं मला बाजूला घेतलं. गाडी गेली, तिरडी गेली, बाया मागं फिरल्या. मी फिरले न्हाई. मी त्या बाकावर बसले. शकुंतलाबाई म्हणली, "चल गं, असं बसू न्हाई." मी म्हणलं, "तुमी जा."

त्या दिवसापसून मी बसते. मेंढरं शिवहार राखतो. सकाळची गाडी, दुपारची गाडी, सांजची गाडी, मी बाकावर. मला कुठं जायचं न्हाई. डायव्हरला मानूस दिसतं, गाडी थांबते. पहिल्यांदा कंडक्टर चिडायचे, "आजी, चढायचं न्हाई तर टाइम काहून खाता?" आता त्यांना म्हायती झालं. माह्यासाठी न्हाई, त्या पलीकडल्यांसाठी थांबायचं. गाववाले आता वळनावरून थोडे वर सरकलेत. हाकंच्या अंतरावर उभे ऱ्हातात, गाडी थांबली की पळत येतात, आन् निवाऱ्याकडं पाठ करून चढतात. मला राम राम न्हाई, काई न्हाई. माही सावली बी विसाव्याची झाली त्यांच्यासाठी. मी मेलेल्यातली म्हणतात. पोरी-सुना मला हळदीकुकवाचं तर सोडाच, पानी बी इच्यारत न्हाईत. ग्यानोबा म्हणतो, बाईचं डोस्कं फिरलं. फिरलं तर फिरलं. गाडी थांबते ना?

परवाच्याला तांड्यावरली संगिता आली. पोट म्होरं आलेलं, दिवस भरत आलेले, संगं सासू जिवनबाई. पोरगी घामानं निथळत उन्हात उभी. मी हाक मारली, "अगं, सावलीत ये, मी उठते, मी उन्हात बसते." तिच्या सासूनं तिला मागं वढलं. गाडी आली. माह्यासमोर थांबली. संगिता पळायचं न्हाई म्हणून जपून जपून आली, आन् दारापाशी आल्यावर तिनं पदर पसरून आख्खं पोट झाकलं. माही नजर पडू न्हाई म्हणून. माह्याकडं न पाह्यता चढली.

झोंबलं. खोटं काहून बोलू? इतकं झोंबलं की वाटलं उठावं आन् घरी जावं, मरा म्हणावं सगळ्यांनी उन्हात.

कंडक्टरनं तिला म्होरची सीट दिली. दार लागलं. उतारावरून गाडी हळू हळू गेली, वळनावरून दिसेनाशी झाली. संगिता बसलेली व्हती गाडीत. हिंगोलीला टायमात पोचली आसंल.

मी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आन् दुपारच्या गाडीची वाट पाहत बसले.